निरवांगीच्या चारीवरचा खटला

मानसिंग रणवरेचा डावा हात कोपराच्या वर गाईच्या आत होता, तेव्हा त्याच्या खिशातला फोन थरथरायला लागला. थांबला, परत लागला. बावड्याच्या अलीकडं एका मळ्यात तो गाय भरवायला आला होता. आसपासचे शेतकरी त्याला डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, कृत्रिम रेतनाचा कोर्स केलेला माणूस होता. मोटरसायकलच्या मागं नायट्रोजनचं कॅन बांधून दिवसभर वस्त्या-वस्त्यांवर फिरायचा. गाय माजावर आली की लोकांना दम निघत नाही, त्यामुळं फोन वाजत राहणं त्याच्या सवयीचं होतं. पण हा लागोपाठ वाजत होता. काम उरकून, हातमोजा काढून, हात धुऊन त्यानं बघितलं. रेश्मा. त्याची मुलगी, बारामतीला फार्मसी शिकणारी. ती दुपारी कधी फोन करत नसे.

त्यानं फोन लावला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"पप्पा, तुमी कुणाला मारलंय का?"

मळ्याचा मालक जवळच बादली विसळत होता. मानसिंग फोन कानाला धरून उसाच्या कडेपर्यंत चालत गेला.

"कोण म्हनलं तुला?"

"कोण कशाला म्हणंल? मी वाचलंय. हायकोर्टाची ऑर्डर हाय. मानसिंग रणवरे, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर. वयबी बरोबर बसतंय. तुमीच हाय का ते?"

"व्हय," तो म्हणाला. "पन मी सुटलोय त्यातनं."

"मग सुटल्याचं कुठंय? सकाळपासनं शोधतीय मी. मारल्याचं हाय. सुटल्याचं न्हाय."

तिनं फोन ठेवून दिला.

झालं होतं असं. रेश्माच्या कॉलेजात औषधांच्या कायद्यांचा एक विषय होता. तो शिकवायला अबोली मॅडम यायच्या. त्या बारामतीच्या कोर्टात वकिली करत. त्यांनी मुलींना काम दिलं होतं, की इंटरनेटवर कोर्टाचे निकाल ठेवणाऱ्या साईट आहेत, त्यावर औषध दुकानांचे खटले शोधा आणि एकेकीनं एक निकाल वर्गात सांगा. मुली बसल्या शोधायला. थोड्या वेळानं कंटाळून कुणीतरी आपलं आडनाव टाकून बघितलं, मग सगळ्यांनाच तो नाद लागला. कुणाच्या काकाचा जमिनीचा दावा निघाला, कुणाच्या गावच्या सरपंचाचा. हसाहशी चालली होती. रेश्मानं आडनावासोबत बापाचं नावही टाकलं, आणि पहिल्याच ओळीला ते निघालं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं ते तिच्याबरोबरच वाचलं.

रेश्माला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती लहान असताना बाप चार वर्षं घरात नव्हता, एवढं तिला आठवत होतं. तेव्हा तो सुरतला मिलमध्ये आहे असं तिला सांगितलेलं. आणि बाप परत आल्यावर घर निरवांगीहून बावड्याला आलं, आईच्या माहेरी. निरवांगीला पुन्हा कधी जाणं झालं नाही. यात्रेलासुद्धा नाही.

ते प्रकरण असं होतं. कालव्याचं उन्हाळी आवर्तन सुटलेलं, त्यातून रानांकडं जाणाऱ्या चारीला पाणी आलेलं. भर दुपारी मानसिंगचा चुलत भाऊ विजयसिंह त्याच्या दारात आला. विजयसिंह डोक्यानं गरम. पाळी आपली असताना भावकीतल्या भिमानं पाणी तोडून घेतलं, असं त्याचं म्हणणं. त्यानं आणखी दोघांना गोळा केलं होतं. मानसिंगच्या हातात खोरं देत तो म्हणाला, "चल, नुसतं बोलायचंय." मानसिंग पंचविशीच्या आसपासचा, नाही म्हणायची सवय नसलेला. गेला. चारीवर बोलणं झालंच नाही. विजयसिंहानं खोरं घातलं आणि भिमा पडला. दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. चौघांनाही अटक झाली. हायकोर्टात जामीन मागितला, तो फेटाळला. बारामतीच्या सत्र न्यायालयात चौघांनाही शिक्षा लागली. अपील झालं, आणि दोनेक वर्षांनी येरवड्याच्या जेलरनं मानसिंगला बोलावून सांगितलं, तू सुटलास. बाकी तिघांची शिक्षा कायम राहिली. विजयसिंह पुढं तुरुंगातच कावीळ होऊन वारला.

निकालात काय लिहिलंय ते मानसिंगनं कधी विचारलं नव्हतं. निकाल इंग्रजीत, त्याची प्रत पुण्याच्या वकिलाकडं, आणि तो वकील पुढं वारला. सुटलो एवढं पुरे होतं. कागद घेऊन कुणाला दाखवायचा होता?

आता दाखवायचा होता.

त्या दिवसापासून मानसिंगला फोनचा नाद लागला. रेश्मानं त्याला त्या साईटचं नाव पाठवलं होतं, बाकी एक शब्द नाही. औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचता येतील एवढं इंग्रजी त्याला येत होतं. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाताना तो बाभळीखाली गाडी लावायचा आणि स्वतःचं नाव टाकायचा. पहिल्यांदा तेच निघायचं, जामीन फेटाळल्याचं. मग आडनावातलं एखादं अक्षर बदलायचा. व्ही घालून बघायचा, डब्ल्यू घालून बघायचा, मधला ए काढायचा, परत घालायचा. दर वेळी वेगवेगळे रणवरे निघायचे. बढती अडलेला एक मास्तर. धरणात जमीन गेलेला एक म्हातारा. पोटगी मागणारी एक बाई. कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातला एक मानसिंग रणवरे, त्याच्यावर चोरीचा आळ. रेश्मानं हाही आपलाच बाप समजला तर?

फोनवर इंग्रजीचं मराठी करून घ्यायची सोय असते हे त्याला एका दूधवाल्यानं दाखवलं होतं. त्यात त्यानं आपली ऑर्डर टाकली. मराठी आलं ते असं: अर्जदाराने मृताच्या डोक्यावर इस्पिकने प्रहार केल्याचे प्रथमदर्शनी दिसते. इस्पिक म्हणजे पत्त्यातलं का काय, हे त्याला कळेना. मग लक्षात आलं, खोऱ्याला इंग्रजीत जो स्पेड शब्द आहे त्याचं यंत्रानं पत्त्यातलं इस्पिक करून ठेवलंय. हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्यानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अर्जदाराने. म्हणजे मी.

त्याचं कामावरचं लक्ष उडालं. एका दुपारी तो कॅनचं झाकण लावायला विसरला आणि तसाच गाडी दामटत घरी आला. येईपर्यंत नायट्रोजन उडून गेलेला, आतल्या रेताच्या सगळ्या कांड्या वाया. बायको शालन ओट्यावर शेंगा निवडत होती. एवढ्या वर्षांत अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

"तुमचं ध्यान कुठं हाय?" तिनं विचारलं.

तेव्हा त्यानं तिला सांगितलं. शालननं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"मला वाटलंच. चार-पाच दिस झालं, फोन केला की अभ्यास हाय म्हणती आन ठेवती." मग म्हणाली, "तिला मोठी झाल्यावर मीच सांगणार हुते. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलं."

"आता काय करू?"

"बारामतीला जावा. तोंडानं सांगा. फोनवर न्हाय हुत हे."

दुसऱ्या दिवशी तो बारामतीला गेला. कॉलेजच्या फाटकाशी रेश्मा बाहेर आली ती बॅग छातीशी धरून. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "अबोली मॅडमनी कोर्टापाशी बोलावलंय. मी त्यांना सांगितलंय सगळं."

"सगळं?"

"मला जेवढं माहीत होतं तेवढं. मला माहीत तरी काय हाय?"

कोर्टाच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानांच्या ओळीत अबोली मॅडमची केबिन होती. एक टेबल, कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, मागं लाल पुस्तकांचं कपाट. मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, काळ्या कोटावर कॉलर लावलेली, समोर डबा उघडा. मधल्या सुट्टीत त्यांनी वेळ काढला होता. मानसिंग खुर्चीत टेकला न टेकला आणि उठला.

"बसा ना, दादा."

"ऱ्हाऊ द्या. उभाच बरा हाय."

"मी दोन दिवस नावानंच शोधत होते," मॅडम म्हणाल्या. "सापडत नाहीये. माझ्याकडं पैसे भरून घेतलेली साईट आहे, तिच्यावर निकाल जास्त असतात. तिथंही जामिनाचीच ऑर्डर येतीय. अपिलाचा नंबर आठवतो का?"

"न्हाय."

"वर्ष?"

ते त्यानं सांगितलं. कोणत्या महिन्यात सुटला तेही. ते कोण विसरेल?

मग मॅडमनी नाव सोडून घटनेवरून शोधायला सुरुवात केली. पाट, चारी, पाण्याची पाळी, खोरं, असे इंग्रजी शब्द घालून बघितले. निरवांगी एका स्पेलिंगनं टाकलं, दुसऱ्यानं टाकलं. एका स्पेलिंगला एक वाटपाचा दावा निघाला, दुसऱ्याला काहीच नाही. मानसिंग दारात जायचा, रस्त्यावरची गर्दी बघायचा, परत यायचा, रेश्माच्या खांद्यावरून पडद्याकडं बघायचा. रेश्मा खांदा आकसून घ्यायची. तेवढं त्याला दिसायचं आणि तो परत दारात जायचा.

"तुम्ही दोघं जरा बाहेर चहा घेऊन या," मॅडम शेवटी म्हणाल्या. "मला पंधरा मिनिटं शांत बसू द्या."

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिंगवाले बसले होते. त्यांच्यामागच्या कट्ट्यावर बापलेक बसले. चहा रेश्मानं घेतलाच नाही.

"सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. पाळी, विजयसिंह, दुपार. कसं हातात खोरं दिलं, कसं मागनं चालत गेलो. सांगताना तो सारखा उठत होता. "मी मारलं न्हाय त्याला, रेश्मे. पन खोरं माज्याबी हातात हुतं."

"गेलाच का तुमी?"

"बोलावलं म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच. त्यावर चार वर्सं इचार केला आत. दुसरं कायबी सापडलं न्हाय."

रेश्मानं बॅगेची चेन उघडली, लावली. "आणि मला सुरत सांगितलं. शाळेत मी सगळ्यांना सांगायची, माझे पप्पा सुरतला हायेत, साड्या आणणार हायेत म्हणून."

आत कुठंतरी पुकारा झाला आणि दोन माणसं पायऱ्यांवरून धावत वर गेली. या पायऱ्या त्यानं हातात बेड्या घालून चढल्या होत्या.

केबिनमधून मॅडमनी हात करून बोलावलं. त्यांनी वेगळी वाट धरली होती. हायकोर्टाच्या स्वतःच्या साईटवर पक्षकाराच्या नावानं शोधता येतं, पण अपील चौघांनी मिळून केलं असेल तर वर नाव फक्त पहिल्याचं येतं; बाकीचे 'आणि इतर' मध्ये जातात. म्हणून त्यांनी मानसिंगचं नाव सोडून विजयसिंहाचं धरलं. आडनाव टाकलंच नाही, नुसतं विजय टाकलं, वर्ष टाकलं, फौजदारी अपील निवडलं, आणि जी भलीमोठी यादी आली ती एकेक ओळ वाचत खाली आल्या. आडनावातला एक स्वर टाइप करणाऱ्यानं खाऊन टाकला होता. आणि निकाल सापडला तोही कागदाचा फोटो काढून चढवलेला.

"फोटोतली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "म्हणून काहीही टाकलं तरी तो येत नव्हता. ऑर्डर टाइप केलेली, ती लगेच येते. निकाल तिथंच होता, बारा वर्षं. वाचू?"

मानसिंग खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मॅडम इंग्रजी वाचत आणि थांबून मराठीत सांगत. आधी घटना. मग कोण साक्षीदार काय बोलला. विजयसिंहाबद्दल बरंच होतं. रेश्मा पेन घेऊन बसली होती, पण लिहीत नव्हती.

"साक्षीदार क्रमांक तीन, भागूबाई. मयताची बायको."

मानसिंगची मान खाली गेली. भागूबाईची साक्ष झाली तो दिवस त्याला चांगला आठवत होता. आरोपी मागं भिंतीला उभे, साक्षीदाराचा पिंजरा पुढं, पंखा खडखडत होता, बाई अगदी हळू बोलत होती आणि न्यायाधीश ते इंग्रजीत लिहून घ्यायला सांगत होते. काही ऐकू येत नव्हतं. मध्येच बाईनं वळून मागं हात केला. सरळ त्याच्याकडं. त्यानं डोळे मिटून घेतले ते ती खाली उतरेपर्यंत उघडलेच नाहीत.

"उलटतपासणीत ती म्हणते," मॅडम पुढं वाचत होत्या, "की आरोपी नंबर चार, म्हणजे तुम्ही, यानं आपलं खोरं चारीत टाकून दिलं. तो माझ्या नवऱ्याजवळ खाली बसला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, टॉवेल बांधला, आणि गाडी आणा, गाडी आणा म्हणून ओरडत होता. मी पोहोचले तेव्हा तो तसाच बसलेला होता. बाकीचे पळून गेले होते."

रेश्मानं वर बघितलं.

"पुढं हायकोर्ट म्हणतं, खालच्या कोर्टानं या जबानीचा विचारच केला नाही. मयताची पत्नी आरोपीच्या बाजूनं खोटं कशाला बोलेल? ज्याचा मारायचा इरादा आहे तो माणूस असा वागत नाही. म्हणून आरोपी नंबर चारची निर्दोष मुक्तता."

"तिनं हात केला हुता," मानसिंग म्हणाला. "माज्याकडं हात केला हुता तिनं. मला वाटलं…"

तो केबिनच्या बाहेर गेला आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर तोंड फिरवून उभा राहिला. थोड्या वेळानं रेश्मा आली. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि या वेळी खांदा लागला तरी तिनं काढून घेतला नाही.

"हे का नाही सांगितलं मघाशी? डोकं मांडीवर घेतल्याचं?"

"त्यात काय सांगायचं? मी गेलोच हुतो की तितं."

मॅडमनी निघताना स्पष्ट सांगितलं, की जामिनाची ऑर्डर साईटवाले अशीतशी काढत नाहीत, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. नाव झाकायचा अर्ज करता येईल. वेळ लागेल, मिळेलच असंही नाही. मानसिंगनं अर्जावर सही केली. रेश्मानं निकालाची फाईल त्या मैत्रिणीला पाठवली, जिनं तिच्याबरोबर ती पहिली ऑर्डर वाचली होती. तिकडून नुसता अंगठा आला. इतकी पानं तिनं वाचली असतील असं रेश्माला वाटलं नाही.

पण मानसिंगची तगमग काही कमी झाली नाही, उलट वाढली. आता तो फोनवर नाव टाकत नव्हता, पण रात्री कूस बदलत राही आणि सकाळी चहा अर्धा ठेवून उठे. निरवांगीकडून फोन आला की तो इतकी वर्षं दुसऱ्या माणसाचा नंबर देऊन मोकळा व्हायचा. गाडीवरून जाताना निरवांगीचा फाटा आला तरी तो पलीकडं बघायचा. भागूबाई आपल्याला खुनी समजते, हे त्यानं पक्कं धरून ठेवलं होतं, आणि त्या हिशोबानं सगळं आयुष्य बेतलं होतं. गाव सोडलं, यात्रा सोडली, भावकीतली लग्नं सोडली. आणि बाईनं तर त्याला सोडवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीला रेश्मा घरी आली. दोन दिवस तिनं त्याची ये-जा बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, जाऊन येऊ."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? निरवांगीला."

शालन आतून म्हणाली, "जावा. मी कवाधरनं म्हणतीय."

भागूबाईची वस्ती चारीच्या पलीकडं होती. पत्र्याचं घर जाऊन स्लॅबचं झालं होतं, दारात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली. भागूबाई ओसरीत ज्वारी पाखडत होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. मोटरसायकल थांबली तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून बघितलं. मानसिंग गाडीवरून उतरला, पण पाय पुढं टाकेना.

"वैनी, मी मानसिंग."

"वळीखलं," ती म्हणाली. "ही कोण, पोरगी व्हय? ये ग, सावलीला ये."

रेश्मा ओसरीवर चढली. मानसिंग अंगणातच उभा.

"वैनी, मला आत्ता कळलं. तुमी कोर्टात काय सांगितलं ते. मला ऐकू आलं न्हवतं तवा. तुमी हात केला, तर मला वाटलं, तुमी म्हणताय ह्योच."

"हात केला, त्यो ह्यो बसला हुता म्हनून दाखवायला," भागूबाई म्हणाली. "दिसलं ते सांगितलं. तुज्यासाठी न्हाय सांगितलं. खरं हुतं म्हनून सांगितलं."

"तुमचे उपकार…"

"उपकार ऱ्हाऊ दे." तिचा आवाज चढला. "सुटून आलास तवा मला वाटलं, आज यील, उद्या यील. तू तर गावच सोडून गेलास. माजा माणूस तुज्या मांडीवर पडला हुता. मी येस्तवर त्याची वाचा बसली हुती. काय म्हनला, कुणाचं नाव घेतलं का, पोराला काय सांगितलं का, ह्ये तुज्याबिगर कुणाला ठावं हाय? विजयसिंग मेला. बाकीचे पळालेले. तुला एकदाबी वाटलं न्हाय, जाऊन सांगावं?"

मानसिंग ओसरीच्या पायरीवर बसला. हे त्याच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तिच्यापुढं तोंड दाखवायचं नाही, एवढाच विचार त्यानं केला होता. तिला त्याच्याकडून काही हवं असेल, हा विचार नाही.

"बोल्ला हुता का काय?" भागूबाईनं विचारलं. आता हळू.

"बोल्ले हुते."

"काय?"

"तवा चारीचं दार उघडंच ऱ्हायलं हुतं. पानी रानात घुसून पलीकडं ओढ्याला चाललेलं. मी टॉवेल बांधत हुतो. तर म्हनले, 'दार लाव चारीचं. पानी वाया चाललंय.' दोनदा म्हनले. मी म्हनलं, लावतो आण्णा, तुमी बोलू नका. मग न्हाय बोल्ले."

भागूबाई त्याच्याकडं बघत राहिली. रेश्माला वाटलं, ती आता रडेल. पण बाईच्या तोंडावर आधी आलं ते हसू, अगदी बारीक, आणि ते आल्यावर मग डोळे भरले.

"असाच हुता," ती म्हणाली. "मरतानाबी पानीच."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं रेश्माला विचारलं, काय शिकतीस. रेश्मानं सांगितलं. औषधाचं शिकतीस तर माझ्या गुडघ्याच्या गोळ्या बघ म्हणाली, आणि आत जाऊन पिशवी घेऊन आली. रेश्मा एकेक पाकीट उलटून नावं वाचायला लागली.

मानसिंगच्या खिशातला फोन दोनदा वाजला. वकीलवस्तीजवळच्या कुणाची तरी गाय माजावर होती. तो उठायला लागला, तशी भागूबाई म्हणाली, "बस. माजा पोरगा कारखान्यावरनं यील आता संध्याकाळच्याला. त्यो तवा सात वर्साचा हुता. त्यालाबी सांग, जसं मला सांगितलंस तसंच."

मानसिंगनं शेतकऱ्याला दुसऱ्या माणसाचा नंबर दिला. भागूबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.